एकूण

सरदार चौकामागे, जिन्याखालच्या खोलीत
क्षेमकल्याण्यांच्या वह्या लाल खारव्यात बांधलेल्या:
गाव, गावात आडनाव, आडनावात शाखा,
शाखेत कुणीतरी कधीतरी आलेलं,
गंगेवर विधी करून सही ठेवून गेलेलं.
किंवा अंगठा.

त्यांच्या विश्वंभरने चार उन्हाळे पान-पान फोटोत घेतलं,
फोल्डर वहीसारखेच एकात एक लावले.
परवा म्हणाला, ताई, एकूण भरलं किती?
पाचशे जीबीच्या डिस्कवर मावेल का?

एका कमांडीत झालं असतं.
पण सातपूरला मी आठवडाभर दुसऱ्यांचा कोड दुरुस्त करते,
शनिवारी मला काहीतरी स्वतःच्या हाताने मोजायचं होतं.
सी उघडली.

पहिल्यांदा प्रोग्राम आत गेला तो परत आलाच नाही.
मी विसरले होते:
कुठल्याही फोल्डरमध्ये दोन नावं न सांगता असतातच,
एक टिंब म्हणजे तो स्वतः,
दोन टिंबं म्हणजे त्याचा बाप.
हा एका टिंबात शिरला, त्यातल्या टिंबात,
येवल्यात येवला, त्यात येवला,
हजारेक दारं उघडी टाकली
तेव्हा मशीनच म्हणालं, पुरे.

दिनकरशास्त्री सुपारी कातरत होते.
म्हणाले, गोष्टीतला दहावा स्वतःला मोजायला विसरला,
तुझा हा स्वतःलाच मोजत बसलाय.

दोन्ही टिंबं वगळली.
उत्तर आलं, पण वजा.
इंटमध्ये बेरीज धरली होती,
दोन अब्जांच्या थोडं पलीकडे गेली की ती उलटी फिरते,
किती वेळा फिरली कोण जाणे.
एवढी माणसं येऊन गेली नि बाकी वजा,
विश्वंभर हसला.
शास्त्री या वेळी हसले नाहीत.

लाँग लाँग केलं.

मग सायखेड्याखाली एक शाखा लागली, आत एकही पान नाही,
तरी यादीत तिच्यापुढे चार हजार शहाण्णव बाइट.
कसरीने खाल्ली ती, शास्त्री म्हणाले,
नाव तेवढं अनुक्रमणिकेत राहिलं.
काढू का?
नको. जागा आहे तिची.

आकडा अजूनही थोडा जास्त येत होता.
रात्री नऊला सापडलं:
चांदवड / कोतवाल / बनू
सिन्नर / उगले / सरस्वती
दोन वाटा, आयनोड एक.
विश्वंभरने फोटो उघडून दाखवला.
एकसष्ट सालचं पान, निळी शाई, अक्षर मोठं नि तिरकं.
बापाचं करायला भाऊ नव्हता, बाई एकटीच आली,
आणि खाली तिने दोन्ही नावं लिहिली,
दोन्ही गावं.
कुठल्या घरात ठेवू कळेना, तो म्हणाला,
म्हणून दोन्हीकडून दार लावलं. पान एकच आहे.

आणि मी तिला दोनदा मोजत होते.

पाहिलेल्या आयनोडची यादी ठेवली,
पुन्हा भेटला तर नुसतं पुढे जायचं.
पण मग ती कुणाच्या बेरजेत?
जो फोल्डर आधी वाचला जाईल त्याच्या.
आणि आधी कोण, याला काही नियम नाही.
आज सिन्नरला लागली.
एकूणात फरक पडत नाही,
मी म्हटलं, जरा मोठ्यानेच.

शास्त्रींनी अडकित्ता खाली ठेवला.
तुझं गाव कोणतं गं?

क्लोजडिर लिहायचं राहिलं होतं,
ते लिहीत बसले.
एकशे त्र्याण्णव जीबी आणि वर काही.
मावेल, म्हटलं विश्वंभरला,
निम्मी डिस्क रिकामीच राहील.